घट

खराडीला, सातव्या मजल्यावर,
आम्ही मार्केट यार्ड उभं करत होतो
एका पांढऱ्या भिंतीवर.

सौमित्र म्हणाला, आधी नामं शोधा.
गाळा, गोणी, आडत्या, हमाल.
प्रत्येकाला चौकट, चौकटीत गुणधर्म,
चौकटीपासून चौकटीपर्यंत बाण.
वीस वर्षं तो हेच करतोय,
त्याच्या रेघा फूटपट्टीशिवाय सरळ येतात.

इरावतीला नामं नकोच होती.
तिने अप्पा बळवंत चौकातून
केशरी चिठ्ठ्यांचे सहा गठ्ठे आणलेले.
दर चिठ्ठीवर एक घडून गेलेली गोष्ट:
गाडी आली. गोणी उतरली. तोल झाला.
सौदा ठरला. पट्टी झाली.
वस्तू काय आहे ते राहू दे, म्हणाली,
काय झालं तेवढं सांगा.

मला दोघांचंही पटायचं. तेच तर.
आठवीतलं व्याकरण डोक्यात फिरत होतं:
हमालाने गोणी उतरवली,
इथे क्रियापद गोणीचं ऐकतं, हमालाचं नाही.
म्हणजे हिच्या भिंतीवर माणसं
'ने' लावून बाजूला उभी राहणार,
आणि त्याच्या भिंतीवर
नुसतीच उभी राहणार, ग्रुप फोटोतल्यासारखी.

दोन आठवडे असेच. शेवटी मी म्हटलं, कुणालातरी बोलवू या
ज्याने हे सगळं खरोखर केलंय.

ढमढेरेमामा आले.
कांदा विभागात एकतीस वर्षं काट्यावर.
चपला काचेच्या दाराबाहेर काढल्या,
गळ्यात घालायचा पास खिशात ठेवला,
आणि भिंत डावीकडून वाचत निघाले, बोट टेकवत,
सातबारा वाचावा तशी.

'तोल झाला' पाशी बोट थांबलं.
कुठला?
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
उतरताना झाला तो, का उचलताना?
काल आलेली गोणी रात्री थप्पीला राहिली,
आज दीड किलो कमी भरली.
आता सांगा, हे कुणी केलं?

चोरी? सौमित्रने विचारलं.
कांदा आहे साहेब. जिता माल. वाळतो.
आम्ही त्याला घट म्हणतो.

नवरात्रातला? निनाद पुटपुटला. नवा पोरगा, चिंचवडचा.
मामा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पण घट ठेवायची कुठे?
चौकटीत वजन म्हणजे एक आकडा,
एका आकड्यात रात्र मावत नाही.
चिठ्ठीला ती चालली असती,
पण इरावतीच्या दर केशरी चिठ्ठीमागे एक निळी लागते,
कुणीतरी दिलेला हुकूम: उतरव, तोल, बोली लाव.
वाळ, असं कांद्याला कोण म्हणालं?

इरावती बराच वेळ गप्प.
मग गुलाबी चिठ्ठी घेतली, बाहेरच्या व्यवस्थांसाठी असते ती,
आणि तिच्यावर लिहिलं: रात्र.
सौमित्रने काही न बोलता
वजनाची चौकट पुसून दोन काढल्या,
उतरतोल, उचलतोल.
त्याची रेघ पहिल्यांदाच जरा वाकडी आली.

मामा म्हणाले, हमालाला यातलं काही सांगू नका.
तो गोणीचे पैसे घेतो. कांदा वाळला काय, सडला काय.
मी मार्कर घेतला आणि भिंतीवर,
हमाल एकीकडे, काटा दुसरीकडे,
मध्ये नागमोडी कुंपण घातलं.
दोन्हीकडे 'गोणी' लिहिलं.
दोन्हीकडे वेगळी.

कुठली पद्धत ठरली, असं वरून विचारणं आलं.
काय कळवायचं?
आधी क्रियापदं; नामं मागून, अडेल तिथेच;
आणि काट्याजवळ उभा राहिलेला माणूस एक.
तक्त्यात असा रकाना नव्हता.
मी 'मिश्र' लिहून पाठवलं.

निघताना मामांनी चपला घातल्या, पुन्हा आत डोकावले:
भांडण झालं तर? त्याची चिठ्ठी दिसली नाही कुठे.

दुसऱ्या दिवशी सकाळी
भिंतीखाली अकरा चिठ्ठ्या पडलेल्या.
कुणी काढल्या? सौमित्र तापला.
निनाद वाकून त्या गोळा करत होता.
कुणी नाही, म्हणाला.
घट.